पुठ्ठा

रोज सकाळी किटली चढवायच्या आधी
मी अंगणात जाऊन गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढते.
फ्रिजच्या खोक्याचा आहे, चांगला ऐसपैस.
रात्रभरात त्यावर काय उमटलं ते बॅटरीच्या उजेडात बघते:
डावीकडे, पुढच्या चाकामागे, दोन थेंब. जुनेच.
मध्ये एक ओघळ, तो नवा.
आणि मागे, गिअरबॉक्स इंजिनाला चिकटतो तिथे,
काळा, पसरट, नाण्याएवढा डाग,
चार वर्षं भाडं न देता राहणारा.

गाडी प्यूजो, पाचशे चार. डिझेल. रंग कधीकाळी पिवळा असावा.
मीटरला पाचच आकडे.
माझ्या देखत तीनदा नवांची रांग लागली
आणि तिनं शून्यापासून सुरुवात केली.
त्याआधी किती वेळा, ते विकणारा लोकरीचा व्यापारी बोलला नाही.

ट्रेलेवच्या गॅरेजात इरेनेओ नाउएलकीर गाडीखाली आडवा होतो
आणि बराच वेळ काही बोलतच नाही.
बोट लावतो, वास घेतो, चिमटीत चोळून बघतो.
मग म्हणतो, गळणं वेगळं, पाझरणं वेगळं.
वरच्या झाकणाचं गॅस्केट पाझरतंय. दुपारपर्यंत बदलून देतो.
बोल्ट मात्र कुणीतरी रागानं आवळलेत.
रागानं आवळलं की झाकण वाकतं,
आणि वाकलेलं झाकण जास्तच सोडतं.
मी गप्प. ते मीच आवळले होते,
जूनच्या थंडीत, बहिणीशी फोनवर भांडून झाल्यावर.

आणि मागचं सील?
तो हात पुसतो. फार वेळ पुसतो.
त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लच काढावा लागेल,
दोन दिवस, आणि मजुरी गाडीच्या किमतीहून जास्त.
उतरवलाच, तर आत आणखी काय काय दिसेल
ते मला बघायचं नाही. तुलाही नको.
जाडं तेल घाल. डिपस्टिक बघत जा.
आणि दुकानातली ती जादूची बाटली घेऊ नकोस,
म्हाताऱ्या रबराला तिनं दोन महिने तरुण वाटतं,
मग ते फुगून बसतं.

तर असं चाललंय.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी तेल्सेनला जाते,
दवाखान्यातून तपासणीच्या रक्ताच्या नळ्या आणते.
ओफेलिया त्यांच्यावर नावं चिकटवून ठेवते.
बर्फाच्या डब्यात त्या उभ्या, घट्ट बुचांच्या,
थेंब इकडचा तिकडे नाही.
आणि त्यांच्या पुढ्यात हे इंजिन,
खडीच्या रस्त्यावर, पातागोनियाच्या वाऱ्यात तिरकं होत,
ठिपक्या-ठिपक्यांनी आपला पत्ता सांगत जातं.
तापल्या एक्झॉस्टवर पडलं की जळका वास येतो.
खिडकी उघडावी तर धूळ.
मी वास पत्करते.

परवा पुठ्ठा कोरडा निघाला.
उलटा करून पाहिला. कोरडाच.
मी चक्क हसले. वाटलं, झालं असेल बरं आपोआप,
काही दुखणी जातात तशी.
किटली ठेवली. पाव कापला.
दुसरा घास तोंडात असताना चावणं थांबलं.

डिपस्टिक ओढली, पुसली, घातली, ओढली.
टोकाला नुसती पुसल्याची चमक.
गळायला आत काही उरलंच नव्हतं.

अडीच लिटर ओतलं.
वारा धार वाकडी करत होता,
थोडं नरसाळ्याबाहेर, थोडं बुटावर.
त्या दिवशी तेल्सेनला चाळीस मिनिटं उशीर झाला.
ओफेलियानं घड्याळाकडे पाहिलं, मी माझ्या काळ्या नखांकडे.

रात्री पुठ्ठा पुन्हा सरकवला, दिवा मालवला,
पण डोळा लागेना.
कोट चढवून बाहेर आले, खडीत गुडघे टेकले,
बॅटरी लावली.

मागे, त्याच जागी,
एक थेंब लोंबत होता, जड,
सुटू की नको करत.

सुटला.

"बरं," मी म्हणाले,
आणि गुडघे झटकून आत आले.